काळ्या तारेवरच्या गाठी

"थांब, याले विचारू दे."

एवढं म्हणून मिस्तरी डोळे मिटायचे. तार अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायची आणि चिमूट हळूहळू पुढे सरकवत न्यायची. समोर ट्रॅक्टरवाला घाईला आलेला असो, जीपवाला हॉर्न वाजवत असो, त्यांना फरक पडत नसे. मध्येच चिमूट थांबायची. "इथं दुखते त्याले," असं म्हणून त्या जागचं प्लास्टिक सोललं की आतलं तांबं तुटलेलं किंवा हिरवं पडलेलं हमखास निघायचं.

आम्हाला ती त्यांची ऐट वाटायची. दुकानात बसलेले चार रिकामटेकडे एकमेकांना डोळे घालायचे आणि म्हणायचे, "ध्यान लागलं मिस्तरीचं." मीही त्यांच्यात असायचो, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही कधी दुसरबीडवरून गेला असाल तर रस्त्याच्या कडेचं ते दुकान तुमच्या नजरेखालून गेलं असेल. लक्षात राहिलं नसेल, कारण लक्षात राहण्यासारखं त्यात काही नव्हतं. पत्र्याची टपरी, पुढे लाकडी बाक, बाकावर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग. पाटी नव्हतीच. बाहेर टांगलेला ट्रॅक्टरचा फुटका हेडलाईट हीच पाटी. वायरिंग मिस्तरी बघायचे आणि चार्जिंगचा बाक त्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे होता. स्कूटरच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला एक दिवा काकूंच्या हाताशी असे. बॅटरी आली की त्या तारा तिच्या दोन टोकांना लावायच्या. दिवा लख्ख पेटला तर बॅटरी भरलेली, मिणमिणला तर उतरलेली. मीटर नावाची वस्तू त्या दुकानात कधी शिरली नाही.

माझा धंदा मधमाश्यांचा. आमच्या भागात बियाण्याचा कांदा लावतात. त्याला पांढरे गोंडे फुलले की बी धरायला मधमाश्या लागतात, मग शेतकरी मला बोलावतात. मी पेट्या घेऊन या शेतातून त्या शेतात मुक्काम हलवत असतो. त्यासाठी मी चाकांवरची एक पत्र्याची खोली करून घेतली. जीपच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत एक खाट, एक गॅस, वर एक पंखा. गावोगावी तिला 'माशीवाल्याचा बंगला' म्हणतात.

या बंगल्याची वायरिंग मिस्तरींनी केली. काम झाल्यावर मी छताची फळी वर करून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. दिवा, पंखा, मध काढायच्या यंत्राची मोटर, सगळीकडे एकाच रंगाची तार. काळी.

"मिस्तरी, लाल, पिवळी, हिरवी काही नव्हती का?"

"काळ्या तारेचं अख्खं बंडल पडून व्हतं. मंग दुसरी कशाले आनायची?"

"मग ओळखायचं कसं?"

त्यांनी माझा हात धरून छताच्या फळीआड नेला. तारेवर मेण चोळलेल्या दोऱ्याच्या बारीक गाठी मारलेल्या होत्या. "एक गाठ दिवा. दोन गाठी पंखा. तीन गाठी मोटर. बिनगाठीची ते उलटी, बॅटरीकडं परत जानारी. समजलं का, माशीवाल्या?"

"आणि उद्या दुसरा कोणी दुरुस्तीला आला तर?"

"दुसरा काऊन येईन?" ते खरोखर चिडले. "मी मेलो का?"

बंगला चालायचा एका बॅटरीवर. पाच-सहा दिवसांत ती उतरायची. मग मी ती मोटरसायकलला बांधून दुसरबीडला आणायचो, काकूंच्या बाकावर ठेवायचो, आणि ती भरेपर्यंत अख्खा दिवस तिथे काढायचो. कामाचा खोळंबा व्हायचा म्हणून मी करवादायचो. पण खरं सांगायचं तर त्या दुकानात मला बरं वाटायचं. चहा साखरेऐवजी मधाचा. मध अर्थातच माझा. शेतात दिवसचे दिवस माश्यांशिवाय ज्याच्या कानावर कोणाचा आवाज पडत नाही, त्या माणसाला कुणीतरी शिव्या घालून बसवून घेणं किती मोलाचं असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एकदा बंगल्याखाली शिरून ते काम करत असताना त्यांच्या कानाच्या पाळीला माशी चावली. मी धावलो. ते शांतपणे बाहेर आले, कान चोळत म्हणाले, "हिची वायरिंग चांगली हाये. कानाले चावली अन्‌ करंट टाचेपर्यंत पोचला."

शिकवण्याची मात्र त्यांना भारी हौस. हातात दोन तारा घेऊन ते कोणालाही विचारत, "याच्यात लाल कोनती, सांग." आपण दाखवली की, "शाब्बास, शाळेत गेलता वाटते," म्हणायचे. गेल्या दोनेक वर्षांत ही परीक्षा फारच वाढली होती. मला वाटलं, वय झालं की माणूस मास्तर होतोच.

मग त्या साली मी नांदुऱ्याकडे जायचं ठरवलं. तिकडे थंडीत ओवा फुलतो आणि ओव्याच्या मधाला मागणी फार. पण नांदुऱ्याहून दर आठवड्याला बॅटरी घेऊन दुसरबीडला कोण येणार? म्हणून मी बुलढाण्याहून सोलरच्या दोन पाट्या आणल्या. तिथला दुकानदार बंगल्याच्या वायरिंगचा फोटो बघून हसला. म्हणाला, सगळं उपटून फेका, नव्याने रंगीत तारा घाला, नाहीतर कुठलाही मिस्तरी हात लावणार नाही. बंगला दुसरबीडला दुकानासमोर आणून उभा केला आणि मी ते तसंच्या तसं सांगितलं.

मिस्तरींनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, "जुन्या तारेनं काय वाकडं केलं त्याचं? छपरावरून बॅटरीपर्यंत जाड तार नवी घालू. पुढची माही जुनीच राहीन. एकएकीले विचारतो. जे नाई म्हनन ते काढतो."

आणि त्यांनी विचारलं. सकाळपासून दुपारपर्यंत, डोळे मिटून, एकेक तार. ओढून पाहिली, दिवा लावून पाहिला. फक्त पंख्याच्या तारेचा हातभर तुकडा नाही म्हणाला, तो बदलला. छपरावर पाट्या मी ठोकल्या. ते खालून सांगत होते. वर यायला त्यांनी शिडीला हातही लावला नाही, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटी छपरावरून आलेल्या नव्या दोन जाड तारा, एक लाल आणि एक काळी, बॅटरीला जोडायची वेळ आली. मी खुशीत होतो, दुसऱ्या दिवशी पेट्या हलवायच्या होत्या. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"लाल कोनती, दे. शाळा शिकलास का नुस्त्या माशा हाकलल्या?"

आणि मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, आज मास्तरचीच परीक्षा घेऊ. मी काळी तार उचलून त्यांच्या हातात ठेवली. "ही घ्या लाल."

आता एक सणसणीत शिवी येणार म्हणून मी हसायच्या तयारीत होतो. त्यांनी ती तार घेतली, बोटाने बॅटरीचं टोक चाचपलं आणि जोडून टाकली. मग दुसरी जोडली. फट्‌ असा आवाज आला, ठिणगी उडाली आणि जळकट वास सुटला.

बॅटरीच्या तोंडाशी त्यांनी आधीच काचेचा फ्यूज बसवला होता. तो गेला, बाकी सगळं वाचलं.

"तू गंमत केली माह्याशी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मिस्तरी, मले वाटलं तुमाले दिसते."

"दिसत व्हतं." त्यांनी हात पायजम्याला पुसले. "दोन वर्सं झाली. बुलढान्याच्या डाक्टरनं सांगतलं, मागची नस सुकली. आतली तारच गेली, बाहेरून काय करता? सावल्या दिसतात फक्त. रंग नाई दिसत."

मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. दोन वर्षं तो माणूस लाल कोणती म्हणून विचारत होता आणि आम्ही सगळे शाब्बासकी घेऊन घरी जात होतो.

"तिले सांगू नको," ते म्हणाले. "तिले कळलं तं दुकान बंद करन अन्‌ मले लेकीकडं नेऊन बसवन. तिथं मी काय करू? टीव्ही आयकू?"

तेवढ्यात आवाज ऐकून काकू आल्याच. "काय झालं हो?"

"माझी चूक, काकू," मी म्हणालो. "तार चुकीची दिली."

काकूंनी जळका फ्यूज पाहिला, मग मिस्तरींकडे पाहिलं. मग तोंड माझ्याकडे करून, पण दुकानाच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या, "भाऊ, लाल ते उजव्या हाताची हाये. नीट पाहत जा." आणि गेल्या.

मिस्तरींचा हात उजवीकडे गेला आणि त्याने बरोबर लाल तार उचलली. काकूंना सगळं माहीत होतं, हे मला कळलं. मिस्तरींना कळलं की नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. मी विचारलं नाही.

नवा फ्यूज घातला. तारा जोडायच्या आधी त्यांनी दोरा मागितला. या वेळी मेण माझ्या पेटीतलं होतं. नव्या लाल तारेवर त्यांनी ओळीने चार गाठी मारल्या, फार सावकाश. "हे सूर्याची तार. आता रंगाचं काम नाई." काळी तार बिनगाठीचीच ठेवली.

जोडणी झाली. मी बटण दाबलं, पंखा फिरला. ते पंख्याखाली तोंड वर करून उभे राहिले.

"आता बॅटरी उतरत नाई," ते म्हणाले.

"झकास काम झालं, मिस्तरी."

"हाव. मंग तू काऊन येशीन इकडं?"

"चहा प्याले," मी हसून म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

गेलो मात्र नाही. ओवा चांगला फुलला, मध भरपूर निघाला, बॅटरी एकही दिवस उतरली नाही. रोज सकाळी ऊन पाट्यांवर पडायचं आणि रोज मला मिस्तरींची आठवण यायची, पण आठवण येणं आणि जाणं यात नांदुरा ते दुसरबीड एवढं अंतर असतं. फोन दोनदा केला. फोनवर ते 'हाव, हाव' याच्यापुढे जात नसत.

कांद्याला गोंडे आले तेव्हा मी परत फिरलो. दुकान उघडं होतं. बाकावर बॅटऱ्या होत्या, काकू होत्या. मिस्तरींची जागा रिकामी होती.

छातीत कफ झाला, ताप चढला, तीन दिवसांत गेले. महिना होत आला होता. "तुमाले कळवायचं व्हतं, भाऊ," काकू म्हणाल्या, "पन तुमचा नंबर लिहेल नव्हता. त्यायच्या डोक्यातच व्हते सगळे नंबर."

मी बाकावर बसून राहिलो. काकूंनी एक बॅटरी उतरवली, दुसरी लावली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दर बाजाराच्या दिवशी विचारत. माशीवाल्याची बॅटरी उतरली नाई का अजून? मंग आपलेआपनच म्हनत, कशी उतरन, म्या जोडली ना."

मला रडू आलं. लपवलं नाही.

त्यानंतर आठवड्याभराने बंगल्यातला पंखा बंद पडला. जवळचा एक वायरमन आणला. त्याने छताची फळी वर केली आणि तो हसलाच. "सगळ्या काळ्या! कोण्या आंधळ्यानं केलं हे?" मी त्याला तिथूनच परत पाठवलं. तसं मी कोणाशी तोडून बोलत नाही.

मग मीच खाटेवर चढलो. फळीच्या आत नीट दिसत नव्हतं, म्हणून डोळे मिटले आणि चिमटीत तार धरली. एक गाठ. ती सोडली. दुसरी तार, दोन गाठी. चिमूट पुढे सरकवत नेली आणि हातभर अंतरावर जोड सैल लागला. आवळला. पंखा फिरला. सांगायला कोणी नव्हतं.

त्याच दुपारी मी पाट्यांची तार सोडली, बॅटरी काढली, मोटरसायकलला बांधली आणि दुसरबीडला गेलो. काकूंनी ती उचलून बाकावर घेतली.

"उतरली का, भाऊ?"

"हाव, काकू."

त्यांनी स्कूटरच्या बल्बच्या दोन तारा बॅटरीला लावल्या. दिवा लख्ख पेटला. भर दुपारीही त्याच्याकडे बघवेना. काकू क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"पार उतरली हो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळलोक लागन भराले. बसा, चहा टाकते."