उत्तराकाकूंचा नारळ

नॉर्थ कॅरोलिनात आमच्या शेजारी राहणाऱ्या उत्तराकाकू फार सोशिक, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

एक्क्याऐंशी साली त्यांनी नवी गाडी घेतली. चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि त्र्यंबककाका नारळ फोडायला कोयता घेऊन रस्त्यावर उभे राहिले. समोरच्या घरातून कोणीतरी पोलिसांना फोन केला. शेरीफची, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाची, माणसं आली. काका हसत समजावायला पुढे गेले, कोयता हातातच. त्यांना डांबरावर पालथं पाडलं, हात पिरगाळून बेड्या घातल्या. उजवं मनगट मोडलं ते धड जुळलंच नाही. काका सुरेख पेटी वाजवत, ती तेव्हापासून बंद. शेरीफ टीव्हीवर म्हणाला, "माझ्या माणसांनी योग्य तेच केलं."

काकूंनी तो नारळ देवापुढे ठेवला. "हा खुर्चीवरून उतरेल तेव्हा फोडीन."

"काकू, देव क्षमा करायला सांगतो," मी म्हटलं.

"आमचं कुलदैवत नृसिंह. त्यानं आधी हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं, मग प्रल्हादाला मांडीवर घेतलं. क्रम लक्षात ठेव."

इथे शेरीफ मतांवर निवडून येतो, आणि मत फक्त नागरिकाला. काका म्हणाले, "अगं, भारताचा पासपोर्ट जाईल."

"माहेर सोडताना कुणी विचारलं होतं?"

नागरिक झाल्या. इथे त्याच्याच पक्षाचा माणूस निवडून यायचा, म्हणून शेरीफला पाडायचं ते पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी निवडणुकीत, आणि तिथे बाहेरच्याला मत नाही. म्हणून काकूंनी त्याच पक्षात नाव घातलं. सत्यनारायणाला आलेल्या बायकांच्या हातावर तीर्थ देता देता विचारायच्या, "नाव नोंदवलंस?" रविवारी काळ्या लोकांच्या चर्चमध्येही जाऊन बसायच्या. या शेरीफनं दुखवलेली माणसं तिथे घरोघरी होती.

शहाऐंशीच्या मे महिन्यात प्रायमरीचं मतदान झालं. शेरीफ शाळेबाहेर हात मिळवत उभा होता. काकूंना म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आमच्या पक्षात आली, बरं वाटलं."

काकूंनी त्याचा हात धरला, मनगटाशी जरा घट्टच. "मी तुमच्यासाठीच नागरिक झाले," म्हणाल्या. तो खूश झाला.

थोडक्या मतांनी पडला.

नारळ वाळून आत खुळखुळत होता. काकूंनी फोडला, गोटा निघाला. प्रसाद कोणी डाव्या हातात घेत नाही, पण काकांचा उजवा तळवा वर वळत नव्हता. त्यांनी डावा पुढे केला.

"झालं समाधान?" काकांनी विचारलं.

काकू त्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बेड्या घालणारा अजून नोकरीत आहे. उद्या येताना नारळ आण."

मी आणला.