पत्रिकेतली गळलेली ओळ

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी भिवंडीतल्या एका वाचनालयात जाऊन बसायला लागले. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या एका साप्ताहिकाच्या जुन्या अंकांची बांधीव फाईल आहे. संपादकाचं नाव वाळवीने खाल्लंय, पण माणूस भलता मिश्कील. वाचक अंक हातात घेतो तो आधी स्वतःचं नाव शोधायला. ते नसलं तर शेजाऱ्याची फजिती शोधायला. तीही नसली तर अंकात दम नाही म्हणतो, असं त्याने एका जागी लिहिलंय. सल्ला मागणारा निर्णय घेऊनच आलेला असतो, त्याला फक्त साक्षीदार हवा असतो, हेही त्याचंच. मी वाचता वाचता एकटीच हसायची. प्रत्येक वाक्याला आमच्या कोन गावातलं एक तरी माणूस फिट्ट बसायचं. मी स्वतः कुठल्या वाक्यात बसते, हे बघायचं काही मला सुचलं नाही.

अशात धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर काका, मामा, आत्या, त्यांची पदं, सगळी फौज असते आणि नाव एक ओळ खाली गेलं तरी माणसं हळदीला येत नाहीत. मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. छापखानेवाल्याने कच्चा कागद पुढे केला. "मॅडम, नीट बघून घ्या हां. छपाई के बाद मेरेको मत बोलना." मी चष्मा पुसून चार वेळा बघितलं आणि सही केली.

पत्रिका वाटून झाल्या आणि नवरीचा रडत फोन आला. पत्रिकेत थोरल्या काकांचं नावच नव्हतं. थोरला काका म्हणजे आमचा दादा, घरातला सगळ्यात मोठा. मी कच्चा कागद शोधून काढला, तर त्यातही ती ओळ गळलेली. मग चार वेळा मी काय बघत होते? माझं नाव. त्यापुढे 'निवृत्त मुख्याध्यापिका' पूर्ण आलंय ना, एवढंच. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

हळद चार दिवसांवर होती. दादाने निरोप धाडला होता, मी येणार न्हाय. नवरी म्हणाली, "काका न्हाय आले तर मीपन पाटावर बसणार न्हाय." दहावीपर्यंत त्याने तिला रोज स्कूटरवरून शाळेत सोडलं होतं. पोरगी बोलते ते करते, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मला पुन्हा संपादक आठवला. त्याच्याकडूनही एकदा एका सभेच्या बातमीत कुणाचं तरी नाव राहिलं होतं. त्याने बातमीपेक्षा लांब माफी छापली आणि गृहस्थ खूश झाले. मीही तेच केलं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दीड पानी माफी टाकली. त्यात दादाचे कष्ट, त्याचा स्वभाव, झालंच तर त्याची स्कूटरसुद्धा आली. माझं मलाच वाचून भरून आलं.

दादाचं उत्तर नाही. उलट पडघ्याच्या मामींचा फोन आला, त्यांचं नाव फारच बारीक अक्षरात आहे म्हणून. मग खारबावच्या मावसभावाचा, त्याच्या मुलाची पदवी राहिली म्हणून. एका चुलत आत्याचं नाव दोन ठिकाणी छापलं होतं, तिनेही तक्रार केली. सगळ्यांना एकेक माफी हवी होती. मी वाचनालयात जाऊन फाईलचं पुढचं पान उलटलं. पुढच्या आठवड्यात संपादकाकडेही अशाच सात तक्रारी आल्या होत्या. माफी हा मानाचा नवा प्रकार निघाला आणि तो आपणच काढला, अशा अर्थाचं काहीतरी लिहून तो मोकळा झाला होता. मला काही मोकळं होता येत नव्हतं. हळद दुसऱ्या दिवशी होती.

शेवटी मी दादाकडे गेले. आमच्या दोघांच्या घरांमध्ये दोन गल्ल्या आहेत. तो ओट्यावर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मी आल्याचं त्याने बघितलं आणि शेंगा सोलतच राहिला.

"नावाचं काय हाय," तो म्हणाला. "गाव मला वलखतं. पन पत्रिका मोबाईलवर आली. माफीपन मोबाईलवर आली. तू कवा आलीस?"

हे खरं होतं. घरच्याला कसली पत्रिका, म्हणून आम्ही त्याच्याकडे कुणी गेलोच नव्हतो. मी वाद घातला नाही. मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसले.

"चुकले, दादा," मी म्हणाले.

तेवढे दोन शब्द बोलायला मी तीन दिवस लावले होते. त्याने सूप माझ्याकडे सरकवलं.

"सोल आता," तो म्हणाला. "हळद किती वाजता हाय?"