पोफळींची दुसरी फवारणी

“पाऊस म्हटला की चार सुपाऱ्या गळायच्याच. त्यात काय बघत बसायचं?”

काका हे मला म्हणाले नव्हते, गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यांना म्हणाले होते. मी मात्र पोफळीच्या आळ्याशी उकिडवी बसून तेच बघत होते. सुपाऱ्या हिरव्या होत्या, कोवळ्या. खारींनी पाडल्या असत्या तर दातांच्या खुणा दिसल्या असत्या. इथे टोपीखालून पाणी मुरल्यासारखा गडद डाग पसरला होता आणि काहींवर पांढरी, कापसासारखी बुरशी धरली होती. कोळे रोग. वर पाहिलं. एकमेकींना लागून असलेल्या तीन झाडांचे घोस निस्तेज झाले होते. बाकीची वाडी अजून चकचकीत हिरवी होती.

श्रीवर्धनला काकांकडे राहायला आल्यापासूनचा हा माझा दुसरा पावसाळा. दिवसभर लॅपटॉपवर ऑफिसचं काम, मधे मधे वाडीत फेऱ्या. मी कमीच बोलते. शाळा इंग्रजी होती. मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. मग बघत राहणंच सोपं पडतं. पण बघितलेलं आत टोचत राहतं.

गेल्या वर्षी निम्मी वाडी अशीच गळाली होती. यंदाही तसंच झालं तर जागा कॉटेजेस बांधणाऱ्याला देऊन टाकायची, हे काकांनी जेवताना दोनदा बोलून दाखवलं होतं. दोन्ही वेळा काकूंनी त्यांच्या ताटात न विचारता भात वाढला होता.

पहिली फवारणी पावसाआधी झाली होती. दुसरी मात्र, उघडीप मिळेना म्हणून, लांबली. आज सकाळी ऊन पडलं आणि काकांनी झाडावर चढणाऱ्याला बोलावून घेतलं. मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात, चुना दुसऱ्यात. मग दोन्ही एकत्र. निळं पाणी ढवळून त्यांनी त्यात विळा बुडवला. पातं तांबूस झालं नाही, म्हणजे चुना पुरेसा पडला.

“जमलं,” काका म्हणाले. “आजच्या आज संपवायचं. उद्याला याचा उपयोग नाही.”

पण औषध निरोगी सुपारी वाचवतं. सडलेली बरी करत नाही. त्या तीन झाडांचे घोस आधी उतरवायला हवेत, नाहीतर पुढच्या सरीबरोबर त्यांच्यातलं पाणी शेजारच्या झाडांवर उडत राहणार. याबद्दल मी बरंच वाचलं होतं. काकांनाही ठाऊक असणार. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिला पिकला घोस ग्रामदेवाला वाहिल्याशिवाय आमच्या वाडीत घोसाला कोयता लावत नाहीत. आणि पिकायला अजून किती तरी अवकाश होता.

मी स्वयंपाकघरात गेले, परत वाडीत आले, परत आत गेले.

“पायाला भिंगरी लागलीय का गं?” काकू नारळ खवता खवता म्हणाल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. “काकू, तुम्ही बोला ना त्यांच्याशी.”

“मी? देवाच्या गोष्टीत मी पडत नाही बाई. लग्न झाल्यापासून एकदाच पडले, ते अजून ऐकवतात.” मग खवणीवरून मान न उचलता म्हणाल्या, “तुझं मात्र ऐकतील. तू बोलतेसच कुठे एवढी, की कंटाळा यावा!”

बाहेर आले तेव्हा चढणाऱ्याने पंप खांद्याला लावला होता आणि पायात दोराचा फास अडकवत होता. समुद्राकडून आभाळ भरून येत होतं.

“मॅडम, खालून काय दिसतंय? वर चला माझ्यासंगती,” तो हसला. “न्हाय तर दोर तरी धरा.”

शेजारीही हसले. माझे कान तापले. वाक्य जुळवायला घेतलं, पण क्रियापदच सापडेना. तो झाडाला भिडला. पहिलंच झाड त्या तिनांतलं. पंपाची नळी काकांनी वर धरून दिली आणि निळे थेंब त्यांच्या सदऱ्यावर पडले. एवढ्या आशेने ते वर बघत होते की मला नुसतं बघत उभं राहवेना.

“काका, थांबवा त्याला,” मी म्हटलं.

सगळे वळले. चढणारा झाडालाच चिकटून राहिला.

“काय गं?”

“या तिन्ही झाडांचे घोस सडलेत. आधी ते कापा, चुलीत जाळा, मग फवारा. देवाला काय सांगायचं ते मी सांगते.”