कौटुंबिक इतिहास: काही नाही

भाच्याची फाइल मी बनवली. निळी, जाड पुठ्ठ्याची, आत पाच रंगांचे विभाग. बहीण बोरिवलीला, मी मुलुंडला. पण तिचा मुलगा आजारी पडला की कधी ताप आला, किती चढला, कोणत्या औषधाने उतरला, हे फोनवर विचारून मी लिहून ठेवायची. सहा-सात महिन्यांचा झाला तेव्हापासून त्याचे कान वाहायचे, छाती भरायची. तीन वर्षांचा होईपर्यंत दोनदा न्यूमोनिया झाला होता.

तेव्हा एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. मुलाला घेऊन बहीण, मी आणि आई गेलो. आईला मी बाहेर बाकावर बसवलं. तिला काही विचारलं की ती गावच्या विहिरीपासून सुरुवात करते, आणि आमच्या हातात दहाच मिनिटं होती.

"आईकडच्या नात्यात कुणी मुलगा लहानपणी दगावलाय का?" डॉक्टरांनी बहिणीला विचारलं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "आमच्याकडे असलं काही नाही."

त्यांनी लिहिलं: कौटुंबिक इतिहास, काही नाही. तो कागद मी भोकं पाडून हिरव्या विभागात लावला.

मी खोटं बोलले नव्हते. मला मामा नव्हतेच. लग्नाच्या आमंत्रणांपासून पितृपक्षातल्या तिथींपर्यंत घरातल्या सगळ्या याद्या माझ्याकडे असतात. तान्हं मूल गेलं तर आमच्याकडे त्याचं श्राद्ध घालत नाहीत. श्राद्ध नाही म्हणून तिथी नाही, तिथी नाही म्हणून यादीत नाव नाही.

पण भाऊबीज होती. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, तशी आई दरवर्षी गच्चीवर जाऊन ओवाळायची. एकदा ओवाळून ताट खाली ठेवायची, मग पुन्हा उचलून दुसऱ्यांदा ओवाळायची. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं, दोनदा का? "दोघे होते माझे," ती म्हणाली होती. मला खाली फराळाची ताटं मांडायची घाई होती.

पुढची सहा वर्षं डॉक्टर बदलत गेलो. प्रत्येकाकडे जाताना मी फाइलची झेरॉक्स न्यायची, आणि ते पान प्रत्येक संचात असायचं. नवे डॉक्टर ते वाचायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. वेळ वाचतो, असं मला वाटायचं.

भाचा नऊ वर्षांचा असताना एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी ते पान वाचलं आणि फाइल मिटली.

"हे कुणी सांगितलं?"

"मी."

"मुलाची आजी आहे?"

"आहे. बाहेर बसलीय."

"बोलवा त्यांना आत."

आईने विहिरीपासूनच सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं नाही. विहिरीवरून घर, घरावरून पाळणा, आणि मग ते आलं, तिचे दोन भाऊ: गेला तेव्हा थोरला चौदा महिन्यांचा, धाकटा दोन वर्षांचाही नाही. दोघांचे कान वाहायचे. दोघे तापाने गेले. लोक म्हणाले, नजर लागली.

डॉक्टरीणबाई कागदावर बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढत होत्या. आईच्या गोलाशेजारचे दोन चौकोन त्यांनी काळे केले, मग खाली भाच्याचा. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं याच्या रक्तात जवळपास नसावीत, त्या म्हणाल्या. पहिले काही महिने आईकडून मिळालेली पुरतात, मग संपतात. दोष एका जनुकात असतो. तो बायकांमधून पुढे येतो, पण त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही. त्यांच्या प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. रक्ताची तपासणी झाली, मग जनुकाची. दोन्हींत तेच निघालं.

आई बोलली त्या दिवशी बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"माका कोणी इचारल्यान?" आई म्हणाली. "तू म्हणालीस बाहेर बस. बसले."

आता भाच्याला दर महिन्याला हॉस्पिटलात सलाइनमधून प्रतिपिंडं देतात. तिथे तो मला चिडवतो, "मावशी, आज माझ्या शिंका लिहिल्यास का?" कान वाहायचे थांबलेत. शाळा बुडत नाही. पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा खराब झालाय. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, तीन वर्षांचा असतानाच कळलं असतं तर?

"बराचसा वाचला असता," त्या म्हणाल्या.

बहीण मला कधी बोलली नाही. उलट म्हणते, "तू नसतीस तर माझ्याकडे एक कागद नसता गं." तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. माझीही तपासणी झाली. माझ्यात तो दोष नाही. तो रिपोर्ट मी अजून कुठल्याच फाइलला लावलेला नाही.

यंदाच्या भाऊबीजेला सगळे माझ्याकडे होते. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, गच्चीला वर एक जिना. बहीण आईचा हात धरून पुढे गेली. ताट माझ्या हातात, भाचा माझ्या मागे. अर्ध्या जिन्यात तो कठड्याला टेकून थांबला.

"तू हो पुढे मावशी. चंद्र जाईल. मी येतो."

वरून आईची हाक आली, ताट आण म्हणून. मी पायरीवर बसले. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.