साडूने पळवलेल्या सासूबाई

मला साडूचा हेवा वाटतो, हे मी बायकोसमोर कधीच कबूल केलेलं नाही. इथे करतो, कारण मी लिहिलेलं ती वाचत नाही.

त्याची जमीन, त्याची बुलेट, त्याने आयटीवाल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या, हे सगळं मी पचवलं होतं. पण मागच्या थंडीत त्याने माझ्या सासूबाई पळवल्या, आणि त्याही कचऱ्याच्या जोरावर! हे कसं पचावं?

दिवाळी झाली की सासूबाई गावाहून थेरगावला आमच्या फ्लॅटवर येत आणि होळीपर्यंत राहत. माझे किस्से ऐकून हसणारं आमच्या घरात तेवढं एकच माणूस. बायकोचं हसणं लग्नानंतर चार-पाच वर्षांत आटलं. मुलगी तर मी तोंड उघडलं की म्हणते, "बाबा, हा झालाय." सासूबाई मात्र तोच किस्सा दहाव्यांदा ऐकतानाही पदर तोंडाला लावून गदागदा हलायच्या. असा श्रोता ज्याच्याकडे असतो त्याला नाट्यगृह लागत नाही.

पण आमच्या सोसायटीत कचऱ्याचे तीन डबे. ओला, सुका आणि घातक. सासूबाईंची जन्माची सवय अशी, की चहाचा चोथा दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरायचा, गाठ मारायची आणि टाकायचा. स्वच्छ काम. पण घंटागाडीवाल्या बाईने ती गाठ सोडून पाहिली आणि डबा जिन्यातच परत ठेवला. सेक्रेटरीने फोटो काढून आमच्या फ्लॅट नंबरासह ग्रुपवर टाकला. मुलीने त्याखालचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कपड्यांची पिशवी भरली आणि मारुंजीपलीकडच्या वस्तीवर, धाकट्या लेकीकडे गेल्या.

संध्याकाळी साडूचा फोन. आवाजात साय.

"पाव्हणं, आमच्या वस्तीवर ठराव झालाय. कचरा येगळा करायची सक्ती न्हाई. समदं एकाच डब्यात. सासूबाई लई खूश हायेत राव."

महिना गेला. मी घरात किस्से सांगत होतो आणि फ्रिज ऐकत होता. शेवटी एका रविवारी स्कूटर काढली.

अंगणात पोचलो तर सासूबाई एका निळ्या पिंपापाशी उभ्या. कांद्याची सालं, बिस्किटाचा कागद, फुटकी कपबशी, सगळं एकाच हाताने पिंपात सोडत होत्या, राणीने खैरात वाटावी तशा. आणि हसत होत्या! बाजेवर बसून साडू किस्सा सांगत होता. मी कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत बसलो आणि बस मला सोडून गेली, तो किस्सा. माझा! वर त्यात माझ्या जागी तो स्वतः जेवत होता.

माझ्या तोंडून निघालं ते असं.

"आई, चला घरी. आमच्याकडेही नियम सैल केलाय. आता एकच डबा."

"व्हय?" त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पिशवी घेऊन मागे बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला मी न्हाणीघरात पाटावर. हातात रबरी मोजे, समोर तो एकुलता एक डबा, मागे लपवलेले तीन. भात इकडे, वेष्टन तिकडे. बायकोला वाटलं मी प्राणायाम करतो. तिला ते आवडलंही. पण डबा दिवसेंदिवस अवघड होत चालला. आधी चोथ्याच्या पिशव्या. मग केसांच्या गुंतवळात अडकलेली मेथीची देठं. अकराव्या दिवशी तर जुन्या कॅलेंडरचे नखाएवढे तुकडे, वरणात कालवलेले.

ते वेचत असतानाच मागून आवाज आला.

"जावईबापू, त्या भातात घड्याळाचा सेल हाय बघा. त्यो ऱ्हायला."

दारात सासूबाई, हातात चहा.

"आई, तुम्हाला... कधी कळलं?"

"पहिल्याच दिशी. मोजे वाळत घातल्यालं दिसलं की."

"मग हे वरण? कॅलेंडर?"

"म्हनलं, किती दिस टिकतायत बघावं." पदर तोंडाला गेला. "धाकल्या जावयानं तिसऱ्या दिशी मला गावाला सोडलं असतं."

हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय. सासूबाई पाटाशेजारी उकिडव्या बसल्या, माझ्या उजव्या हातातला मोजा ओढून काढला आणि स्वतःच्या हातात चढवला. कोणतं कशात टाकायचं, ते मी सांगत होतो. त्या मला चुकीचं ठरवत होत्या, आणि दोनदा त्यांचंच बरोबर निघालं.

आठ वाजता मी साडूला फोन लावला.

"आई इथेच राहणार म्हणतायत. आपणहून."

तो गप्प झाला. बराच वेळ. मग म्हणाला, "बरं."

मला वाटतं, अजून थोडा वेळ गप्प राहायला हवा होता.