सगळं एकदाच सांगा

जूनचा पहिला सोमवार, सकाळची बैठक. विषय: बांधकाम परवानगीची पद्धत सुधारणे. हजर: मोठे साहेब, संगणक विभागाच्या मॅडम, वास्तुरचनाकारांतर्फे एक गृहस्थ, इतिवृत्त लिहायला मी, आणि तो. तो कोपऱ्यात बसला होता. त्याने नेहमीप्रमाणे एक बोट वर केलं आणि म्हणाला, "साहेब, एकच मागणं आहे. लोकांना सगळं एकदाच सांगा."

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकत होते. आम्ही एकाच सुमारास नोकरीला लागलो. तो दुय्यम अभियंता, मी कार्यालयीन बाजूला.

तुम्ही कधी परवानगीसाठी खेटे घातले असतील तर तुम्हाला हे ठाऊक असेल. आमच्याकडे पहिली त्रुटी सापडली की फाईल मिटायची आणि अर्जदाराकडे परत. परत गेलेली फाईल निकाली धरतात, त्यामुळे टेबल स्वच्छ दिसतं. अर्जदार ती त्रुटी भरून आणतो, मग दुसरी सापडते. सगळं संगणकावर आलं तरी हे बदललं नाही. पूर्वी फाईल महिन्याने परत जायची, आता दुपारपर्यंत जाते, इतकंच.

तो मात्र शेवटपर्यंत वाचायचा. साहजिकच त्याच्याकडे सगळ्यात जास्त फायली तुंबायच्या आणि दर वर्षी त्याला मेमो मिळायचा.

"तू एकटाच कसा रे मागे राहतोस?" मी विचारायची.

"मी शेवटचं पान वाचतो ना. तुम्ही लोक सिनेमा इंटरव्हलला सोडता."

एकदा गोराईचे एक म्हातारे गृहस्थ घराचं छप्पर बदलायच्या परवानगीसाठी आले. आधीच्या टेबलांनी त्यांना पार दमवलं होतं. त्याने त्यांना खुर्ची दिली. "काका, तुमच्या तीन गोष्टी नाहीत. तिन्ही आत्ता लिहून घ्या. चौथीसाठी बोलावलं तर इथे उभं राहून शिव्या द्या."

"आणि तू नसलास तर?" काकांनी विचारलं.

"मग या बाईंना द्या," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. "त्यांना सवय आहे."

तो नाहूरला राहायचा. जुनी इमारत, सगळी कोकणातली कुटुंबं. सळ्या गंजल्या होत्या, सज्जे सुटायला आले होते. जिन्यात लोखंडी टेकू होते, त्यांच्यामधून तो रोज डबा घेऊन तिरका निघायचा. खांब आणि सज्जे दुरुस्त करायचा सोसायटीचा अर्ज आमच्याच कार्यालयात होता, त्याच्या पलीकडच्या टेबलावर. एकदा परत गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा नकाशावरचे रंग नियमाप्रमाणे नाहीत म्हणून गेला.

मी वैतागले. "अरे, चार पावलांवर टेबल आहे. उठ आणि सांग त्याला."

"मी उठलो तर माझं काम होईल. ज्यांच्या इमारतीत इंजिनीयर राहत नाही त्यांनी काय करायचं?"

"तुझी इमारत पडेल रे."

"म्हणून तर बैठकीत बोलतोय ना."

त्या बैठकीत साहेबांनी मान डोलावली. प्रत्येक अर्ज शेवटपर्यंत वाचायचा, सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवायच्या, नंतर नवी काढली तर लेखी कारण द्यायचं. परिपत्रकाचा मसुदा त्याने करायचा ठरलं. त्याने तो त्याच आठवड्यात केला, एका पानाचा, आणि साहेबांकडे दिला.

गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी तो इमारतीच्या मागच्या बाजूला दोरी बांधत होता. पोरं तिथे क्रिकेट खेळायची, त्यांनी सज्ज्याखाली जाऊ नये म्हणून. दोरीचं एक टोक पाइपाला बांधून झालं होतं. दुसरं त्याच्या हातात होतं तेव्हा वरचा सज्जा खाली आला.

सोमवारी पलीकडच्या टेबलावरचा सहकारी माझ्याकडे आला. "मॅडम, शुक्रवारी मी चौथी त्रुटी काढली होती," एवढं म्हणून त्याने सोसायटीची फाईल माझ्यासमोर ठेवली. मी ती फाईल उघडली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. चारही त्रुटी पहिल्या दिवशीच्या अर्जात दिसत होत्या. एका पत्राचं काम होतं.

त्या इमारतीला आठवड्याच्या आत परवानगी मिळाली. कोणालाही काही त्रुटी सापडली नाही.

पुढच्या बैठकीला हजर: तेच सगळे, तो सोडून. दोन मिनिटं उभे राहिलो. मग साहेबांनी मसुदा माझ्याकडे सोपवला.

तो मी मंजुरीसाठी वरच्या कार्यालयात पाठवला. संदर्भ क्रमांक नाही म्हणून परत आला. क्रमांक घातला, तर विषयाची ओळ बदला म्हणून परत आला. बदलली. काल तिसऱ्यांदा आला: विधी खात्याचा अभिप्राय जोडा.

मी फोन करून विचारलं, "आणखी काय काय लागेल ते सगळं एकदाच सांगता का?"

"आधी एवढं आणा मॅडम," पलीकडून उत्तर आलं. "मग पुढचं बघू."

विधी खात्यात जायचं आहे. अजून जाणं झालेलं नाही.