मामाजींचे शेंगदाणे

पुढ्यात शेंगदाणे असताना एकही तोंडात न टाकता नुसते मोजत बसणारा माणूस साऱ्या अमरावतीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुता धुता त्यांची वीस वर्षं गेली होती. कुजक्या अंड्याच्या वायूचा वास त्यांच्याआधी लग्नमंडपात पोचायचा. राजापेठेतल्या घरीही चहाची कपबशी तीनदा विसळून, उजेडाकडे धरून पारखल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे. पंगतीत एका ओळीत दोन माणसं जास्त झाली, तर भरल्या पानावरून उठून ते समोरच्या ओळीत जाऊन बसत.

त्यांच्याकडे राहून शिकताना इंटर सायन्सला मी रसायनात गचकले, तेव्हा भातकुलीहून बाबांनी निक्षून कळवलं, "आणखी एकदा नापास झालीस, तर पुस्तकं बंद आणि लग्न." माझं समीकरण काही केल्या जुळत नसे. मग मी पाण्याच्या सूत्रात आणखी एक ऑक्सिजन कोंबून दोन्ही बाजू सारख्या करी. मामाजी वहीला हात न लावता, डोळे मिटून म्हणत, "वाचून दाखव." ऐकलं की ताडकन उठत. "काहून वं, पान्याचं औषध करून राहिली? थे पेरॉक्साइड जखमेवर फसफसते! पेल्यानं मरन ना कोनी!"

मग त्यांनी हरभऱ्याचा घाटा, म्हणजे दोनदाणी शेंग, हायड्रोजन म्हणून मांडला आणि भुईमुगाची दोनदाणी शेंग ऑक्सिजन म्हणून. दोन हरभरे, एक शेंगदाणा, झालं पाणी. एक शेंगदाणा उरला. "दाना कमी पडला त अख्खा घाटा आन. एकटा दाना भेटत नाही." मी घाटा आणायला गेले आणि जाता जाता उरलेला शेंगदाणा तोंडात टाकला.

"ऑक्सिजन कुठी गेला?"

"खाल्ला."

"म्हनूनच नापास झाली तू!"

त्या वर्षी मी पास झाले. पुढे अकोल्याला रसायन शिकवायला लागले, तेव्हा मामाजी हौसेनं माझ्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसले. मुलं गेल्यावर फळ्यावरच्या समीकरणासमोर उभे राहून, डोळे मिटून म्हणाले, "वाचून दाखव." मी हसले. "समोरच तर आहे, मामाजी."

"मले कुठी येते इंग्रजी?"

माझी वही त्यांनी कधीच हातात का घेतली नव्हती, ते तेव्हा कळलं. मी वाचलं, "हायड्रोजन, ऑक्सिजन, दोन पाणी."

त्यांनी डोळे उघडले. "घाटा एकच? दुसरा कोनं खाल्ला वं?"

मी हायड्रोजनच्या आधी दोनाचा आकडा घातला. आज मामाजी नाहीत. फळा पुसण्याआधी मी अजून समीकरण मोठ्यानं वाचते, आणि क्षणभर शेवटच्या बाकाकडे बघते.